जुन्या डेस्कटॉपचा बोर्ड गेला, आता परवडणारा बोर्ड आणायचा कुठून?

तालुक्याच्या गावात रिपेअरिंगचं दुकान असलं की हा प्रॉब्लेम फिरून फिरून येतेच. कोणी पोत्यात गुंडाळून, कोणी मोटरसायकलच्या मागं रबरानं बांधून सीपीयू घेऊन येते आणि म्हणते, "भाऊ, फॅन फिरते पण डिस्प्ले नाही येत." बहुतेक वेळा आधी दुसऱ्या कोणाला दाखवून झालेलं असते, त्यानं सांगितलेलं असते की मदरबोर्ड गेला, साडेतीन-चार हजार लागतील. मशीन दहा-बारा वर्षं जुनी, त्या जनरेशनचे बोर्ड मोठ्या कंपन्यांनी केव्हाच बंद केले, नागपूरला सीताबर्डीत फोन लावला तर एक म्हणते आहे, दुसरा म्हणते संपला, तिसरा म्हणते भाऊ आता कॉम्बोच (बोर्ड, प्रोसेसर, रॅम एकत्र) घ्या. आणि गिऱ्हाईक कोण, तर कृषी केंद्रवाला, झेरॉक्सवाला, सेतूवाला, नाहीतर एखादा गुरुजी. जून महिन्यात यांचा पैसा बियाण्यात अन् पोरांच्या ॲडमिशनमध्ये अडकलेला असते, तेव्हा चार हजार ऐकले की मशीन तिथंच ठेवून जाते आणि मग दिवाळीपर्यंत ती आपल्याच दुकानात धूळ खाते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या मशीनसाठी सुटा बोर्ड शोधत बसणं हा बहुतेक वेळा महागडा रस्ता आहे. आधी बोर्ड खरंच गेला का ते पाहा, आणि गेलाच असेल तर त्याच सॉकेटची (प्रोसेसर बसते त्या खाचेची) पूर्ण चालू मशीन शोधा. का ते खाली येईलच.

आधी बोर्ड मेला का ते तपासा

रॅम काढून खोडरबरानं घासून परत लावायची हे सगळ्यांना माहीत आहे. पण एकच रॅम एकाच स्लॉटमध्ये घासून लावतात आणि सोडून देतात, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहत नाहीत, आणि चालू असलेली दुसरी रॅम टाकून तर कोणीच पाहत नाही. आपल्याकडं उन्हाळाभर कूलर चालते, कूलरसमोरच टेबल, त्यात जिनिंगजवळचं दुकान असेल तर कापसाचा बारीक तंतू आत शिरते आणि ओल्या हवेनं चिकटून बसते. स्लॉटमध्ये ब्लोअर मारा, जुना मऊ ब्रश अन् आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) फिरवा, पाच-दहा मिनिटं सुकू द्या, मग लावा. मेलेले म्हणून आलेले बरेच बोर्ड इथंच उठतात.

दुसरं सेल. सीआर२०३२ सेल मीटरवर तीन व्होल्टच्या आसपास पाहिजे, अडीच-पावणेतीनच्या खाली गेला की फेकून द्या, विचार करू नका. काही बोर्ड सेल उतरला की डिस्प्लेच देत नाहीत. आणि देतात तेव्हा तारीख मागं जाते, मग ब्राउझर म्हणते कनेक्शन सुरक्षित नाही, सरकारी पोर्टल उघडत नाही, अन् सेतूवाला येऊन सांगते की नेटचा अन् बोर्डाचा काहीतरी लोचा आहे. वीस-तीस रुपयाचं काम असते ते.

तिसरं एसएमपीएस, म्हणजे डब्यातला पॉवर सप्लाय, आणि इथं सगळ्यात जास्त बोर्ड फुकट बदनाम होतात. हिरवी अन् काळी वायर शॉर्ट केली, फॅन फिरला, एसएमपीएस ओके, असं करू नका. लोड नसताना फॅन फिरणं म्हणजे काहीच नाही. बोर्डाला लावलेला असतानाच पिवळ्यावर बारा, लाल वायरवर पाच, नारिंगीवर सव्वातीनच्या जरा वर येते का पाहा, पाच टक्क्याच्या आतबाहेर चालते. जांभळ्या वायरवर स्टँडबायचे पाच व्होल्ट असतात, ते मशीन बंद असताना पण यायला पाहिजे, साडेचार दिसले तर बोर्ड स्टार्टच होणार नाही आणि त्यात बोर्डाचा काही दोष नाही. आमच्या भागात व्होल्टेज संध्याकाळी पडते अन् रात्री अकरानंतर वर चढते, त्यात स्वस्त एसएमपीएसचे कपॅसिटर फुगतात. दुकानात एक चांगला एसएमपीएस फक्त टेस्टिंगसाठी वेगळा ठेवा, तो विकायचा नाही, कितीही गिऱ्हाईक मागं लागलं तरी.

मग मशीन बंद, केबल काढलेली, आणि प्रोसेसरजवळच्या चार पिनच्या सॉकेटमध्ये पिवळा-काळा मीटरनं ओहमवर पाहा. शून्याच्या जवळ, बीप वाजला, तर मॉसफेट (प्रोसेसरला वीज देणारा बोर्डावरचा स्विच) शॉर्ट आहे आणि तिथं खरा बोर्ड गेला म्हणता येते. पण हीच टेस्ट प्रोसेसरच्या कॉइलवर करू नका, प्रोसेसर लावलेला असताना तिथं दोन-चार ओहमच दाखवते, ते नॉर्मल आहे. नवीन पोरं कॉइलवर मीटर लावतात, बीप ऐकतात अन् बोर्ड डेड लिहून मोकळे होतात.

आता सॉकेटच्या पिना. इंटेलच्या बोर्डात पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. प्रोसेसर उचला, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा आणि कॅमेरा झूम करून पाहा. सगळ्या पिना एका दिशेनं सारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी वाकली असेल तर तिची चमक वेगळ्या बाजूला जाते, त्या जागी काळा ठिपका पडल्यासारखं दिसते. एक रॅम स्लॉट चालत नाही, दुसरा चालते, हा प्रकार बरेचदा स्लॉटचा नसतोच, इथल्या एका पिनेचा असते. बारीक सुईनं, श्वास रोखून, हळूहळू सरळ करा. प्रोसेसरवरची पेस्ट पिनांत गेली असेल तर आयपीए अन् मऊ ब्रश, कापूस लावू नका, धागा अडकते.

फॅन दोन सेकंद फिरते, थांबते, परत फिरते, असं चालू असेल तर बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) उडालेला असू शकतो, विशेष करून लाइट गेल्यावर मशीन बंद पडली असेल तर. आठ पायाची छोटी चिप असते, त्यावर २५क्यू३२ किंवा २५क्यू६४ असं काहीतरी लिहिलेलं. ती वाचायला-लिहायला सीएच३४१ए नावाचा प्रोग्रामर अन् क्लिप ऑनलाइन काहीशे रुपयात मिळते. एकच सांगतो, त्या काळ्या प्रोग्रामरचा डेटा लाइनवर पाच व्होल्ट जाण्याचा प्रॉब्लेम प्रसिद्ध आहे, चिप सव्वातीनची असते, म्हणून सुधारलेला घ्या किंवा मॉडिफाय करून घ्या. लिहायच्या आधी जुन्या चिपचा डंप (आतली पूर्ण कॉपी) वाचून सेव्ह करा, विंडोज ८ पासूनच्या ब्रँडेड मशीनची की त्यातच असते, बऱ्याच बोर्डांत लॅनचा मॅक ॲड्रेसपण. नवीन फाइल त्याच मॉडेलची आणि त्याच रिव्हिजनची पाहिजे.

फक्त लॅन गेला, आवाज गेला, एखादा यूएसबी गेला, एवढ्यासाठी बोर्ड बदलू नका. पीसीआय एक्सप्रेसचं लॅन कार्ड चार-पाचशेत येते, यूएसबी साउंड कार्ड त्याहून स्वस्त. बायोसमधून जळालेला लॅन बंद करा, नाहीतर काही मशीन बूट होतानाच अडकते.

बोर्ड खरंच गेला असेल तर

आता गिऱ्हाईकाकडं काय काय जिवंत आहे ते पाहायचं, कारण बोर्ड कोणता घ्यायचा हे बोर्ड नाही ठरवत, वाचलेला प्रोसेसर अन् रॅम ठरवते. प्रोसेसरच्या टोपीवर नंबर लिहिलेला असते. ७७५ सॉकेटचा ड्युअल कोर किंवा कोअर टू ड्युओ असेल तर जी३१, जी४१ (बोर्ड त्याच्यावरच्या मुख्य चिपच्या, म्हणजे चिपसेटच्या, नावानंच मागतात). पहिल्या जनरेशनचा आय३, आय५ असेल तर ११५६ अन् एच५५. दुसरी-तिसरी जनरेशन म्हणजे ११५५, एच६१. चौथी म्हणजे ११५०, एच८१. सहावी-सातवी म्हणजे ११५१ अन् एच११०. आठवी-नववी पण ११५१च आहे, पण तिला एच३१० लागते, सॉकेटचं नाव एक असूनही एच११०वर आठवी चालत नाही, आणि दुकानदार बिनधास्त देऊन टाकतात. दहावीला एच४१० किंवा एच५१०, अकरावी घ्यायची असेल तर एच५१०च मागा. बारावीपासून पुढं १७०० सॉकेट, एच६१०.

एच६१मध्ये एक गोम आहे. सुरुवातीचे एच६१ बोर्ड, २०११चे, तिसऱ्या जनरेशनचा प्रोसेसर जुन्या बायोसवर ओळखत नाहीत. बोर्ड नवा, प्रोसेसर चांगला, तरी डिस्प्ले नाही. दुसऱ्या जनरेशनचा एखादा पेंटियम, जी६२०सारखा, दुकानात पडून असू द्या, तो लावून बायोस अपडेट करायचा, मग तिसरी जनरेशन उठते.

जी४१मध्ये रॅमची गोम. डीडीआर३वाला जी४१ आहे, म्हणून ऑनलाइन चार जीबीची स्वस्त रॅम मागवली, लावली अन् डिस्प्ले नाही. रॅमवर एका बाजूला आठच चिपा असतील तर ती जी४१वर चालत नाही, दोन्ही बाजूंनी मिळून सोळा चिपा असलेली चार जीबी पाहिजे. आणि "फक्त एएमडी" लिहिलेली रॅम तर कोणत्याच इंटेलवर लावू नका, ती स्वस्त असते त्याला कारण आहे. असे कितीतरी चांगले बोर्ड चुकीच्या रॅममुळं परत जातात आणि वरून दुकानदाराशी भांडण होते ते वेगळं.

आता बाजारात काय मिळते. जुना जी४१ हजाराच्या आसपास, जुना एच६१ बाराशे ते अठराशे, नवीन म्हणून विकला जाणारा एच६१ दोन ते पावणेतीन हजार, जुना एच८१ त्याच्या आसपास किंवा थोडा वर, एच११० जुना तीन हजाराला भिडते. भाव रोज हलतात, हे अंदाजे धरा. यातला तो "नवीन एच६१" समजून घ्या. इंटेलनं ही चिप केव्हाच बंद केली, मग नवीन बोर्ड कुठून येते, तर बहुतेक ठिकाणी जुन्या बोर्डावरून काढलेली चिप नव्या हिरव्या-काळ्या पाटीवर बसवलेली असते. वाईटच असते असं नाही, साध्या कामाला चालते, वर्षाची वॉरंटी देणारे पण आहेत. पण मूळ एच६१ला साटाचा (डिस्क जोडायच्या पोर्टचा) वेग तीन गिगाबिटच आहे, यूएसबी ३ चिपसेटमध्ये नाही, आणि काही बोर्डांवर एम.२चा स्लॉट दिसते पण त्यात एनव्हीएमई चालते का साटावाली एसएसडी हे दुकानदाराला पण माहीत नसते. गिऱ्हाईकाला साधी अडीच इंची साटा एसएसडी द्या, काम होते.

ह्या सुट्या बोर्डांचा खरा त्रास टेस्टिंगचा आहे. "टेस्टिंग वॉरंटी आठ दिवस" म्हणजे आपल्यासाठी काय, तर पार्सल ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून दुसऱ्या दिवशी येते, गिऱ्हाईक शेतातून तीन दिवसांनी येते, लावतो तर एक स्लॉट बंद, तोपर्यंत आठ दिवस गेले. परत पाठवायचं भाडं आपलं, येतानाचं आपलं. दोनदा असं झालं की बाराशेचा बोर्ड दोन हजाराला पडते आणि गिऱ्हाईक म्हणते, "भाऊ, तुमी तं बाराशेच सांगतले होते."

म्हणून मी सुट्या बोर्डापेक्षा चालू मशीन घेतो. बंद पडलेला कॉम्प्युटर क्लास, सायबर कॅफे (आपल्याकडं बहुतेक सगळे बंद झाले), नवीन लॅपटॉप घेतलेला डॉक्टर, सीए, जागा बदललेली कोचिंग. यांच्याकडं एच६१, एच८१च्या मशीन पडून असतात, दोन-अडीच हजारात, कधी त्याहून कमी. समोर चालू करून पाहता येते. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, प्रोसेसरचा फॅन अन् मागची पत्र्याची पट्टी, हे सगळं एकमेकांसोबत चाललेलं असते, कॉम्पॅटिबिलिटीचा विषयच संपते. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढले की जुन्या मशीनमधली चार-आठ जीबीची रॅमच आता अर्धी किंमत वसूल करून देते. बोर्ड गिऱ्हाईकाला, उरलेला प्रोसेसर दुकानात, एसएमपीएस टेस्टिंगला, हार्डडिस्क... हार्डडिस्क आधी मालकासमोर पूर्ण पुसा किंवा त्यालाच परत द्या, लोकांचे आधार-पॅन असतात त्यात.

सरकारी ऑफिसच्या भंगाराच्या मागं लागू नका. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले, मोठ्या ऑफिसांना तो नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलरकडंच द्यावा लागते. कोणी "साहेब ओळखीचे आहेत, रात्री गाडी आणा" म्हणत असेल तर जाऊ नका. बाजारात स्टिकर फाडलेला, सिरीयल नंबर खरडलेला माल दिसला तरी तसंच. पावती घ्या, साध्या कागदावर असली तरी, देणाऱ्याची सही अन् मशीनचा सिरीयल नंबर लिहून.

ब्रँडेड मशीनचं वेगळं दुखणं

डेल, एचपी, लेनोव्होच्या ऑफिसच्या मशीन आता गावागावात आल्या आहेत, रिफर्बिश्ड म्हणून. यांचा बोर्ड गेला की बाजारातला साधा एच८१ आणून त्याच डब्यात बसवू असं सगळ्यांच्या डोक्यात येते. बसत नाही. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३०२०, ७०२०, ९०२०मध्ये एसएमपीएसचा मेन कनेक्टर चोवीस पिनचा नाही, आठ पिनचा आहे. लेनोव्होच्या कितीतरी थिंकसेंटरमध्ये चौदा पिनचा, एचपीच्या बऱ्याच मशीनमध्ये सहा पिनचा. समोरच्या पॉवर बटणाचा प्लग वेगळा, फॅन डब्याला स्क्रूनं बसणारा. कन्व्हर्टर केबल मिळतात, पण त्या उलट कामाच्या असतात, म्हणजे साध्या चोवीस पिनच्या एसएमपीएसवर ब्रँडेड बोर्ड चालवायचा असेल तर. कंपनीच्या एसएमपीएसवर साधा बोर्ड चालवायला त्यांचा उपयोग नाही, तेव्हा बोर्डासोबत कॅबिनेट अन् एसएमपीएस दोन्ही बदलावं लागते आणि हिशेब चार हजाराच्या वर जाते. अशा वेळी त्याच मॉडेलचा बोर्ड किंवा त्याच मॉडेलची बंद हार्डडिस्कची मशीन शोधा. ऑप्टिप्लेक्स ३९०, ७९०, ९९०मध्ये चोवीस पिनच आहे, तिथं निदान एसएमपीएस आपला लावता येते.

काम काय आहे ते विचारा, बोर्ड नंतर

मागच्या कापसाच्या हंगामात एका काट्याची मशीन आली, धर्मकाटा, कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या. जी४१ बोर्ड, मॉसफेट जळालेला, मीटरवर बीप. मालकाचा पोरगा म्हणे भाऊ भारीतला टाका, पैशाचं पाहू नका. आता भारीतला टाकणं सोपं होतं, पण काट्याच्या इंडिकेटरची वायर सिरीयल पोर्टमध्ये जाते, जुना नऊ पिनचा कॉम पोर्ट, सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर चालणारं, बनवणारा माणूस केव्हाच सोडून गेलेला, आणि प्रिंटर डॉट मॅट्रिक्स, पंचवीस पिनच्या केबलवाला. चौथ्या जनरेशनच्या ग्राफिक्सला एक्सपीचा ड्रायव्हरच नाही. एच११०वर तर विंडोज ७ टाकतानाच यूएसबी माउस बंद पडते. त्याला एच६१ दिला, दुसऱ्या जनरेशनचा पेंटियम, बायोसमध्ये साटा आयडीई मोडवर (एक्सपीला डिस्क दिसावी म्हणून), मागं सिरीयल पोर्ट असलेला जुना ब्रँडेड बोर्ड मुद्दाम शोधून. प्रिंटरला पॅरलल कार्ड. नव्या बोर्डात कॉमचं फक्त हेडर (बोर्डावरच्या उघड्या पिना) असते, मागं पोर्ट नसते, ब्रॅकेट वेगळा घ्यावा लागते, आणि हेडरच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा सारखा नसते, तेही ध्यानात असू द्या. बोर्ड बसल्यावर इंडिकेटरचा बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) अन् कॉम वन जुळवला, वजन स्क्रीनवर आलं तेव्हा मागं ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवून राहिले होते.

सांगायचं हे की टॅली, सेतू, काटा, डीटीपी, प्रत्येकाला वेगळा बोर्ड लागते. टॅलीवाला असेल तर लायसन्स मशीनला बांधलेलं असते, हार्डवेअर बदललं की परत ॲक्टिव्हेट करावं लागते. मशीन जरा जरी चालू होत असेल, अधूनमधून बंद पडत असेल, तर बोर्ड काढायच्या आधीच लायसन्स सरेंडर करून घ्या. मालकाचा टॅलीचा ईमेल अन् पासवर्ड चालू आहे का तेही आधीच विचारा, तो बरेचदा गाव सोडून गेलेल्या अकाउंटंटकडं असते.

बोर्ड बसवल्यावरची कटकट

नवीन बोर्ड, जुनी हार्डडिस्क, अन् "नो बूटेबल डिव्हाइस". घाबरून फॉरमॅट मारू नका. जुनी विंडोज लेगसी मोडमध्ये (जुन्या बूट पद्धतीनं) टाकलेली असेल तर नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये सीएसएम नावाची सेटिंग चालू करा, यूईएफआयवाली (नव्या पद्धतीची) असेल तर उलट. निळी स्क्रीन येऊन परत रिस्टार्ट होत असेल तर साटा मोड पाहा, आधी आयडीई असेल तर आयडीई, एएचसीआय असेल तर एएचसीआय. सेफ मोडमध्ये एकदा बूट केलं की बरेचदा विंडोज आपोआप सावरते. विंडोज ११वाली मशीन असेल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर बोर्डासोबत टीपीएम, म्हणजे त्या कुलपाची किल्ली ठेवणारी चिप, बदलते, निळ्या पडद्यावर रिकव्हरी की मागते, ती गिऱ्हाईकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. की नाही, तर डेटा नाही. हे बोर्ड काढायच्या आधी विचारायचं.

विंडोजचं लायसन्स ओईएम (मशीनसोबतच आलेलं) असेल तर ते जुन्या बोर्डासोबत गेलं. गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ११ला अधिकृतपणे आठवी जनरेशन अन् टीपीएम २ लागते, म्हणून चौथ्या जनरेशनच्या मशीनवर बोर्डाला तीन हजार घालायचे की नाही हा प्रश्न आता खरा आहे. झेरॉक्स, टायपिंग, काटा, ऑफलाइन टॅली असेल तर मी घालायला सांगतो. बँकेचं, पेमेंटचं, आधारचं काम असेल तर नाही सांगतो, आठव्या जनरेशनची रिफर्बिश्ड मशीन पाहू म्हणतो, पैसे दोन हप्त्यात द्या. लिनक्स टाकून द्यायचा पर्याय आहे, पण फिंगरप्रिंटच्या मशीनचे ड्रायव्हर अन् सरकारी साइट पाहता सेतूवाल्याला ते मी देत नाही, उद्या सकाळी तो परत येऊन बसेल.

तोच बोर्ड परत का जळते

एकाच गिऱ्हाईकाचा बोर्ड वर्षात परत आला की बोर्डाला शिव्या देण्याआधी त्याच्या दुकानात जाऊन या. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का विचारा. येत असतील तर अर्थिंग नाही, एसएमपीएसच्या आतल्या कपॅसिटरमधून निम्मं व्होल्टेज पत्र्यावर येऊन बसते. करंट बारीक असते, माणसाला जास्त काही होत नाही, पण त्याच पत्र्यावरून प्रिंटरची, मॉनिटरची केबल लावता-काढताना पोर्ट जाते. तीन पिनचा टॉप दोन पिनच्या बोर्डात घुसवलेला असते, नाहीतर अर्थिंगची वायर भिंतीत जाऊन हवेतच संपलेली. मीटर न्यूट्रल अन् अर्थवर लावा, दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले तर वायरमन बोलवा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकायला सांगा, आपली काळी माती मे महिन्यात अशी फाटते की पट्टीचा मातीशी संबंधच राहत नाही.

दुसरं, छतावरच्या नेटच्या अँटेनाची लॅन केबल. मृगाच्या आधीच्या विजा त्यातूनच आत येतात, लॅन चिप जाते, कधी सोबत चिपसेट पण. आभाळ भरून आलं की पॉवरची पिन काढतात लोक, लॅनची कोणी काढत नाही. दोन्ही काढायला सांगा. स्वस्त स्टॅबिलायझर हे विजेपासून वाचवत नाही, यूपीएस लावला असेल तर त्याची बॅटरी दोन-अडीच वर्षांत संपलेली असते अन् तो फक्त एक्स्टेंशन बोर्डाचं काम करत असते.

बाहेरून बोर्ड मागवायचाच असेल तर

फोन लावताना "एच६१ आहे का" एवढंच विचारू नका. जुन्या बोर्डाचा मॉडेल नंबर, जो रॅम स्लॉट अन् पीसीआय स्लॉटच्या मधल्या जागेत मोठ्या अक्षरात छापलेला असते, प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम डीडीआर२ की ३ की ४, कॅबिनेटमध्ये पूर्ण एटीएक्स बसते की मायक्रो, मागं कोणते पोर्ट पाहिजे (जुना मॉनिटर व्हीजीएवाला असते, एच६१पर्यंत टेन्शन नाही, पुढं पाहून घ्या), आणि एसएमपीएसची पिन. फोटो पाठवा. बोर्ड चालू असल्याचा, बायोसची स्क्रीन दिसत असलेला, दोन्ही रॅम स्लॉट भरलेला व्हिडिओ मागा, मागची पट्टी सोबत आहे का विचारा. सॉकेटवर प्लास्टिकची टोपी लावूनच पार्सल करायला सांगा, टोपी नसेल तर घेऊ नका, डिक्कीत कांद्याच्या पोत्याखाली आलेल्या बोर्डाच्या पिना सरळ राहत नाहीत. वॉरंटी पार्सल निघाल्यापासून नाही, आपल्या हातात पडल्यापासून धरायची हे आधीच बोलून घ्या, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. फॅन ७७५चा असेल तर ११५५ला बसत नाही, भोकांचं अंतर वेगळं आहे, ११५६पासून १२००पर्यंत एकच चालते आणि १७००ला परत वेगळा, तर तो पण त्याच पार्सलमध्ये मागवा, नाहीतर अडीचशेच्या फॅनसाठी परत एक दिवस.

जीएसटीचं पक्कं बिल मिळत असेल तर घ्या, अठरा टक्के जास्त गेले तरी. बोर्डावर आल्याबरोबर आपलं स्टिकर लावा, तारीख टाका, गिऱ्हाईकाच्या बिलावर तोच सिरीयल नंबर लिहा आणि लॅन, आवाज, समोरचे यूएसबी, दोन्ही रॅम स्लॉट त्याच्या समोर चालवून दाखवल्याची त्याची सही घ्या. जुना बोर्ड त्याच्याच पिशवीत परत द्या, त्यानं नको म्हटलं तर वेगळ्या डब्यात ठेवा, त्यातले चांगले मॉसफेट अन् बायोस चिप पुढच्या जी४१ला कामाला येते.